आजोबांच्या विमानांच्या काचा

नमस्कार. मी सुमन, वसंतअण्णाची धाकटी बहीण. हेब्बाळहून, यशवंतपूरहून, कुणी होसकोट्याहून, कामाच्या दिवशी रजा टाकून तुम्ही सगळे आलात. मला बोलणं जड जातंय. मला भाषणाची सवय नाही. भांडायची आहे. आणि ज्याच्याशी साठ वर्षं भांडले, तो त्या फोटोत जाऊन बसलाय.

फोटो लहान आहे, मला ठाऊक आहे. मागच्यांना नीट दिसत नसेल. मघाशी दोघांनी येऊन सांगितलं, अक्का, स्वल्प मोठा करायला हवा होता. तो लहान का, तेच सांगायला मी उभी राहिलेय.

आमचे आजोबा इथे छावणीत फोटोग्राफर होते. शंभरेक वर्षांपूर्वी, विमान कशाशी खातात हे कुणाला माहीत नसताना, गावाबाहेरच्या माळावर एका गोऱ्याने विमान आणलं. नुसतं लाकूड आणि कापड. माळापर्यंत ते बैलगाडीतून आलं होतं. ते उडालं, पडलं, दुरुस्त होऊन पुन्हा उडालं. आजोबांनी ते सगळं टिपलं. तेव्हा फोटो काचेवर निघायचे. लहानपणी अण्णा एकेक काच खिडकीशी धरून मला दाखवायचा. काचेवर सगळं उलटं. आकाश काळं, धोतरं काळी, माणसांचे केस मात्र पांढरे. मी विचारायचे, ही सगळी म्हातारी का रे? तो म्हणायचा, नाही गं, विमान बघायला आलेली पोरं आहेत ही.

आजोबा गेले, स्टुडिओ बंद झाला, काचांच्या पेट्या घरी आल्या. आणि आमच्या आईने, त्या काळी पुष्कळ बायका करायच्या तेच केलं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेतला आणि काचा घासून लख्ख केल्या. कशासाठी? देवांच्या तसबिरींना लावायला. अण्णा तेव्हा विमानाच्याच कारखान्यात फिटर होता. कामावरून घरी आला, तर आई नळाशी बसलेली. आई म्हणाली, "विमानं रोज डोक्यावरून जातात रे. त्यांचे फोटो कशाला हवेत? आपल्या दत्ताला काच नाही." अण्णा म्हणाला, "तू आजोबांना धुऊन टाकलंस." एवढंच. उरलेली एक पेटी उचलून त्याने आपल्या खोलीत नेली. त्यानंतर आईशी कामापुरतं बोलायचा. ती गेली तेव्हाही तो रडला नाही. त्या दत्ताला त्याने कधी हात जोडले नाहीत. म्हणायचा, मला देव दिसतच नाही, काच दिसते.

पण त्या एका पेटीचं त्याने काय केलं? काही नाही. मला राग आहे, म्हणून स्पष्ट बोलते. त्याचा मुलगा प्रशांत सांगून सांगून थकला, "बाबा, स्कॅन करून घेऊ, एका दिवसाचं काम आहे." अश्विनी, त्याची सून, मशीन घरी आणायला तयार होती. अण्णा म्हणायचा, "सरी, ठीक आहे, बघू." कुणाच्या हातात काच द्यायची नाही. एकदा आईने धुतल्या, म्हणजे आता सगळं जगच धुवायला टपलंय. मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, तर पेटी बेसमेंटच्या स्टोअरमध्ये आणि किल्ली याच्या खिशात.

यंदाच्या पावसात तलावाचं पाणी बेसमेंटमध्ये शिरलं. सोसायटीतल्या मंडळींनी ते बघितलंय. सगळे आपापल्या गाड्या काढत होते. अण्णा पेटी काढायला उतरला. कमरेएवढ्या पाण्यात, या वयात. वॉचमन ओरडत होता, अण्णा, बेडा, उतरू नका. ऐकतोय कोण? पेटी घेऊन तो वर आला, जिन्यावर बसला, आणि त्याला उठवेना. त्या घाण पाण्याने त्याची छाती धरली ती धरलीच.

पेटी मी उघडली. काचेवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून आला होता. बोट लावलं की विरायचा. विमान, बैल, ती पांढऱ्या केसांची पोरं, सगळं गेलं. दुसरी प्रत कुठेही नाही. ज्याच्यासाठी माझा भाऊ मेला, ते त्याच्या आधीच संपलं होतं. मला हे पचत नाही. तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू?

हॉस्पिटलात त्याने काच मागितली. मी नको म्हणत होते, प्रशांतने दिली. तोंडावरचा मास्क सरकवून अण्णाने ती खिडकीकडे धरली, लहानपणी धरायचा तशीच. काच जवळजवळ कोरी. तरी तो बघत राहिला. मग म्हणाला, "सुमन, इथे चाक होतं. आणि इथे शेपटी धरून उभा असलेला माणूस." मी म्हटलं, हो, मला आठवतोय. जरा वेळाने म्हणाला, "आईने धुतल्या त्या निदान उपयोगाला तरी आल्या." आणि मग माझ्या भावाला रडू आलं. आई गेली तेव्हाचंसुद्धा त्यातच असावं. काच माझ्या हातात देऊन म्हणाला, "चांगली आहे. वाया घालवू नकोस. तसबिरीला लाव."

कुणाच्या तसबिरीला, ते मी विचारलं नाही.

म्हणून फोटो लहान आहे. काचेच्या मापाने करून घेतला. उद्यापासून तो घरी दत्ताच्या शेजारी असेल. दोन्ही काचा आजोबांच्याच.

मघाशी हार घालताना कुणीतरी रुमालाने वरचा कोपरा पुसत होतं. तिथे एक काळपट डाग आहे. तुम्ही चांगल्या मनानेच पुसत होता, पण राहू द्या. तेवढा एकच तुकडा काचेला चिकटून राहिलाय. ती घाण नाही. त्या दिवशीचं आकाश आहे.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत. मान खाली घालू नका. त्या कोपऱ्याकडे बघा.