तेरा वर्षांचे आजोबा

(गोठलेल्या समुद्राकाठची इनुइट वस्ती. दुपार. पिउयुक आजी सीलच्या कातड्याची विजार उसवून पाहते आहे. तिची तेरा वर्षांची, मुलासारखी वाढवलेली नात उत्ताक गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे.)

पिउयुक : …अहो, सीलचं रक्त लागलं की लगेच बर्फानं घासायचं, किती वेळा सांगू? वाळलं की कातडं कडक होतं.

उत्ताक : दे गं इकडे. मी घासतो.

पिउयुक : थांबा. काल तर तुम्हाला सील मिळालाच नाही.

उत्ताक : परवाचं असेल.

पिउयुक : परवा वादळ होतं. घरात बसून पत्ते खेळत होतात, तेही लबाडीनं. आणि हा डाग आतून आहे.

उत्ताक : हळू बोल! काका बाहेर स्लेजगाडी बांधतोय, ऐकेल.

पिउयुक : कधीपासून?

उत्ताक : सकाळपासून. पोटात कुणी सुरी फिरवतंय असं वाटलं. म्हटलं, मेलो! मग शाळेतल्या नर्सबाई आठवल्या. त्यांनी फक्त मुलींना आत बसवलं होतं. मी दाराशीच उभा राहिलो, निम्मंच ऐकलं.

पिउयुक : आणि मला सांगावंसं नाही वाटलं?

उत्ताक : तुला तर मुळीच नाही! तू विजार काढून घेणार, बायकांचा तो लांब शेपटीचा अंगरखा चढवणार, आणि काका उद्या मला शिकारीला नेणार नाही. असंच करतात ना? सांग ना, असंच ना?

पिउयुक : कपडे बदलतात. रीत आहे ती. पण तुमच्यासारखा नेम वस्तीत आहे कुणाचा? काका कशाला सोडतोय तुम्हाला!

उत्ताक : तेही नाही गं. खरं वेगळंच आहे.

पिउयुक : बोला की.

उत्ताक : आजोबा बर्फाखाली गेले, तीन आठवड्यांनी मी जन्मलो, त्यांचं नाव मला मिळालं. म्हणून तू मला अहो म्हणतेस. आई मला बाबा म्हणते, ओरडतानासुद्धा, आणि मी तिला लेकी म्हणतो. आता मी बाई झालो तर आजोबा कुठे जाणार? परत बर्फाखाली? आणि ते गेले की माझ्यात उरणार कोण? मी तर तिला ओळखतच नाही!

पिउयुक : उसवलेलं शिवायला हवं. सुई कुठे गेली?

उत्ताक : बोल ना काहीतरी! तू विषय टाळलास की जास्त भीती वाटते.

पिउयुक : सुई सापडेना. अगं बाई, हातातच आहे की मेली!

उत्ताक : म्हणजे तुलाही भीती वाटतेय.

पिउयुक : तेरा वर्षं वाटतेय. तुमची उंची वाढली की वाटायची. खोटं कशाला बोलू? पण ऐका. मागच्या जन्मी तुम्हाला तुमच्या आत्याचं नाव होतं. लहानपणी वेण्या घालून हिंडायचात. पहिला सील मारलात तसे केस कापले, तर दोन दिवस जेवला नाहीत. आत्या गेली म्हणून रडलात.

उत्ताक : आजोबा? वेण्या? रडले?

पिउयुक : हुंदके देऊन! सासूबाई सांगायच्या.

उत्ताक : मग गेली का आत्या?

पिउयुक : तुमचे वडील तुम्हाला ताई म्हणायचे. दाढी आली तरी ताईच.

उत्ताक : ते त्यांचं झालं. आईनं मला बाबा नाही म्हटलं तर? तिचा बाप दुसऱ्यांदा मरेल, आणि तोही माझ्यामुळे.

पिउयुक : ते मी कसं सांगू? तिलाच विचारायला हवं.

उत्ताक : आज नको! लपव ती विजार, लपव… आली बघ, पायरीवर बूट झटकतेय.

पिउयुक : लपवून किती दिवस लपवाल?

आग्याक (उत्ताकची आई, आत येत) : हुश्श, नाक गळून पडतंय की काय! हे काय, नवराबायको भिंतीला चिकटून का बसलात? भांडलात वाटतं?

उत्ताक : लेकी… ही विजार बघ. हे रक्त सीलचं नाही.

आग्याक : मग कुणाचं?

उत्ताक : माझं.

आग्याक : फार दुखतंय का पोटात, बाबा?