बाबा गोड बोलायला लागले

सावलीतच ठेवली होती हो खुर्ची! मी स्वतः ठेवली होती, या माझ्या हातांनी, भिंतीला लागून, आणि सकाळी तिथे सावली अशी ऐसपैस पसरली होती की दोन म्हशी आरामात बसल्या असत्या... पण सावली काय आपली नोकर आहे का, सांगितलं तिथे बसून राहायला? ती सरकते! सूर्य वर चढला की सरकते, हे शाळेत शिकवलं होतं, मी पाठसुद्धा केलं होतं, पण त्याची परीक्षा साठीला आल्यावर, भावाच्या अंगणात होईल असं कोणाला वाटेल?

तुम्हाला सांगते, उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाकडे सगळं गोत जमतं. मागच्या अंगणात पोरांसाठी हवा भरलेला प्लास्टिकचा हौद, गाणी, शर्यती, आरडाओरडा, आणि या सगळ्याच्या मधोमध आमचे बाबा! वय ब्याऐंशी, आवाज बावीसचा. जन्म गेला कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात. त्यामुळे ऊन ही गोष्ट ते मानतच नाहीत. मी म्हटलं, "बाबा, टोपी घाला." तर म्हणे, "मला काय धाड भरलीय!" म्हटलं, "बाबा, आत पंख्याखाली बसा." म्हणे, "आत ठेवायला मी काय दूध आहे, नासायला? अगं गधडे, जन्मभर बॉयलरच्या तोंडाशी उभा होतो मी, हा तुमचा सूर्य एवढ्या लांबून माझं काय वाकडं करणार?"

गधडे म्हणजे मी. दुसरं नाव त्यांनी मला कधी दिलंच नाही, ठेवलं होतं म्हणे कागदोपत्री. भाऊ म्हणजे ठोंब्या. वहिनी शाळेत शिकवते, ती "ए मास्तरीण". सगळ्या जगाला अरे-तुरे! दूधवाल्याला तू, डॉक्टरला तू, डॉक्टरच्या बायकोलाही तू. देवालासुद्धा तूच म्हणतात... आता देवाला सगळेच म्हणतात म्हणा, पण बाबा म्हणतात तेव्हा देवही दचकत असेल.

तर बाबा भिंतीपाशी बसले. आणि लक्ष? होतं ना! सगळ्यांचं होतं! तिथेच तर सगळा घोळ झाला. स्पीकरच्या वायरीत गुंतलेला भाऊ म्हणाला, "लक्ष आहे माझं." वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "मला इथून दिसतायत मामंजी." बाबांची धाकटी बहीण, आमची आत्या, व्हरांड्यात पाय पसरून बसलेली, ती म्हणाली, "मी आहे की इथे!" आणि दहा मिनिटांत मान टाकून झोपली. आणि मी? मी कलिंगड कापत होते. मान वर करायची, बघायची, बाबा खुर्चीत आहेत ना? आहेत. मान खाली. खुर्चीत माणूस आहे एवढंच बघत होतो हो आम्ही सगळे, खुर्ची कशात आहे ते कोण बघतंय?

बरं, पाणी मी देत होते! तासातासाला ग्लास भरून नेऊन द्यायची, परत आले की ग्लास रिकामा. मला काय आनंद! म्हटलं शहाणे झाले. रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांना, तिने सारखं उठावं लागतं, आणि मोरी आत, पायऱ्या चढून. म्हणून एरवी पाणी प्यायचंच टाळतात. आणि आज बघा, ग्लासवर ग्लास! मग केव्हातरी माझं लक्ष गेलं शेजारच्या कुंडीकडे. अंगणातली सगळी झाडं माना टाकून पडलेली आणि बाबांच्या हाताशी असलेली ती एक कुंडी... हिरवीगार! टवटवीत! मी बघतच राहिले. मला हसू आलं, तुम्हाला खरं सांगते, आधी हसूच आलं. म्हटलं, "बाबा, सगळं पाणी कुंडीत ओतलंत?" तर म्हणाले, "मला काय... धाड..." आणि थांबले. पुढचा शब्द आलाच नाही. मी म्हटलं, गाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

सावली तेव्हा त्यांच्या चपलेपर्यंत मागे गेली होती. मग भिंतीने ती पूर्ण गिळली. वारा पडला होता. भिंतीवर एक कावळा चोच उघडी टाकून बसला होता, नुसता बसला होता, ओरडायचंही सोडून. तोही मला दिसला होता! दिसलं सगळं हो, कळलं काहीच नाही. शर्यत सुरू झाली, चमचा-लिंबूची, एक लिंबू पळत पळत गटारात गेलं, त्यावरून भांडणं, मी ती सोडवायला गेले.

आणि तेवढ्यात आत्या! डोळे विस्फारून, पदर सावरत धावत आली. "अगं ऐकलंस का? दादा मला म्हणाला, 'या, बसा!' मला! या-बसा! आख्ख्या जन्मात मला 'चल हो बाजूला'च्या पुढे काही बोलला नाही गं!" आणि रडायला लागली आनंदाने. मग वहिनी आली, तिचा चेहरा तर बघण्यासारखा. "अहो वन्सं, मला मामंजी म्हणाले, 'आमच्यामुळे आपल्याला फार त्रास पडतो.' आपल्याला!" झालं! सगळं गोत खुर्चीभोवती. बाबा गोड बोलतायत म्हणजे काय, बघायलाच हवं! एकाने तर मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. भाऊ पुढे झाला, "बाबा, मी कोण?" बाबांनी वर बघितलं, हात जोडले. "आपण साहेब." हशा! ठोंब्याचा साहेब झाला! भावाची छाती अशी फुगली म्हणता, बटण तुटायचं बाकी होतं.

मी मागे उभी होते, सुरी हातात. बाबांची नजर माझ्यावर आली. म्हणजे माझ्यावर नाही, माझ्यातून आरपार कुठेतरी. आणि अगदी हळू, अदबीने म्हणाले, "ताई, आपली शिफ्ट सुटली का? जाता जाता जरा कोणाला तरी सांगता का... बॉयलरचा काटा लाल रेघेच्या वर गेलाय."

ताई. माझे बाबा मला म्हणाले.

सगळे हसत होते हो! गाणं चालू होतं. आणि मी पुढे धावले, अशी की सुरी कुठे पडली ते मला आजही आठवत नाही. कपाळाला हात लावला आणि इस्त्रीला लागावा तसा मागे घेतला. त्या आगीत त्या माणसाच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता! मी अशी किंचाळले की तो मोबाईल हौदात पडला. "हसताय काय मेल्यांनो, उचला त्यांना!"

मग काय विचारता! खुर्चीसकट उचलून आत आणलं, शर्ट काढला, पंखा पूर्ण सोडला. आणि वहिनी... जिच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर आम्ही आजवर चोरासारखे चालत आलो, तीच वहिनी पोरांच्या हौदातलं पाणी बादलीने आणून गालिच्यावर, बाबांवर, माझ्यावर ओतत होती आणि ओरडत होती, "बर्फ आणा, काखेत ठेवा, मानेला लावा!" आत्या सरबत घेऊन आली, म्हटलं, नको, शुद्ध धड नाही, श्वासनळीत जाईल. भाऊ फोनवर अँब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगत होता आणि स्वतःच्या घराचा पत्ता विसरला होता. आणि बाहेर ते गाणं चालूच! कोणाला सुचेना बंद करायचं.

आणि बाबा? बाबा भिजलेले, थरथरत, आणि गोड. "तुम्हा सगळ्यांना त्रास झाला," म्हणत होते, "माफ करा." एकदा शिवी द्या हो, एकदा! मी त्यांचे गाल थोपटत होते, "बाबा, गधडी आलीय, तुमची गधडी!" अँब्युलन्समधली नर्स चांगली होती. तिने विचारलं, "आजोबा, या कोण, ओळखलंत का?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "चांगल्या घरातली बाई दिसते."

त्यानंतर ते बोललेच नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर... आणि पुढे बोलले नाहीत. डॉक्टर लोकांना ही सवयच असते, वाक्य आपल्याला पूर्ण करायला देतात. मी ते बाकड्यावर बसून किती प्रकारांनी पूर्ण केलं, काय सांगू! सलाईनचे थेंब मोजले, परत पहिल्यापासून मोजले. सकाळी बाबांनी डोळे उघडले. छताकडे बघितलं, नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "गधडे, माझा शर्ट कुठे फेकलास?" मी अशी हंबरडा फोडून रडले की शेजारच्या खाटेवरच्यांना वाटलं, गेले बहुतेक. तेही रडायला लागले बिचारे.

आता घरी आहेत, माझ्याकडे. उन्हात जात नाहीत, पाणी माझ्यासमोर पितात, कुंडीपासून चार हात लांब बसवते मी त्यांना. शिव्या चालू आहेत, मी दिवसभर ऐकते आणि मगच मला रात्री झोप लागते. पण धास्ती गेलेली नाही हो. आवाज जरा मऊ आला की माझा हात आधी त्यांच्या कपाळावर जातो.

परवाचंच सांगते. सकाळी चहा दिला. बाबांनी घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, "छान केलास हो चहा, बाळा."

बाळा!

पुढचं काही ऐकायला मी थांबलेच नाही. टॉवेल भिजवला, डोक्यावर घातला, भावाला फोन, रिक्षा, दवाखाना! बाबा वाटभर काहीतरी सांगत होते, मी म्हटलं बोलू नका, दम लागेल. डॉक्टरांनी सगळं तपासलं. ताप नाही, रक्तदाब ठीक, नाडी घोड्यासारखी. म्हणाले, "आजोबा ठणठणीत आहेत. झालं काय होतं नेमकं?" आणि बाबा, ओला टॉवेल डोक्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही नाही. चहा खरंच चांगला झाला होता."

साठ वर्षं वाट बघितली हो मी त्या एका वाक्याची, आणि आलं तेव्हा त्याच्या काखेत थर्मामीटर खुपसलं... आता कसलं परत म्हणतायत ते!