पोरीच्या बापानं आधी जेवू नये

अन् वर डाक्टर मलाच इचारतो, "मच्छिंद्रराव, एवढी साखर चढली कशी?" कशी म्हंजी? त्याला काय सांगू, कपाळ! तुमालाच सांगतो, ऐका.

आमी बेलापूरचं. चहूकडं ऊस, पल्याड कारखाना, अन् मला रोग कशाचा? तर साखरंचा! श्रीरामपूरच्या डाक्टरनं काचंच्या नळीत निळ्या औषदात लघवी उकळली, रंग इटंवानी लाल! वरीसभर एक गोळी गिळली, रंग काय बदलंना. तवा त्यानं दुसरी, निराळी गोळी जोडीला दिली. म्हनला, "एकटीनं भागत नाही, दोघी मिळून साखर उतरवतील. पण दोन गोळ्या घेतल्या की जेवण टायमावर! नाहीतर साखर नको इतकी खाली जाईल, घाम फुटेल, हात कापतील. तसं झालं तर चटकन साखर खायची." आता बोला! जिच्यापायी रोग, तिचंच औषद!

बरं, दोन गोळ्या, जेवण टायमावर, एवढंच ना? पर घरात थोरल्या पोरीचा, आमच्या पुष्पावतीचा, साखरपुडा! पाव्हनं तिसगावचं. आमची मंडळी राहीबाई बजावती कशी, "रोगाचं नाव काढू नगा हां! बापाला हाय म्हंजी पोरीला बी व्हनार, असं म्हनतील अन् सोयरीक मोडून जातील. अन् पाव्हनं जेवल्याबिगर पोरीच्या बापानं घास घ्यायचा न्हाई!" झालं! मी तर सकाळीच दोन्ही गोळ्या गिळून मोकळा, अन् पाव्हन्यांची येष्टी राहुरीत बंद पडलेली! दुपार कलली तवा आले. मंग पानी, च्या, मानपान, कुनाला फेटा बांधला, कुनाचा राहिला, त्यो रुसला, त्याची समजूत... अन् जेवण? टायमावर!

घाम सुटला वो! हात लटलटा कापाया लागले, एकेक पाव्हना दोन-दोन दिसाया लागला. भटजी पोरीच्या वटीत घालाया साखरंचा पुडा उचलनार, तेवढ्यात म्या झडप घातली, पुडा फोडला अन् बकानाच भरला!

समदा मांडव माझ्याकडं बघाया लागला. पोरीकडं बघवंना मला. नवऱ्याचा बाप गहिनीनाथ उठला... म्हनलं, मोडली सोयरीक! तर त्यो मला मिठी मारून वरडतो, "ह्याला म्हनत्यात हौस! आनंदाच्या भरात पाव्हन्यानं सोताच तोंड गोड केलं!" मंग काय, त्याचा भाऊ पेढा घिऊन आला, मेव्हना बर्फी, चुलता जिलबी... न्हाई म्हनावं तर रोग कळतो, रोग कळला तर सोयरीक जाती. खाल्लं! समदं खाल्लं! अन् जेवण? ते बी आलं, टायमावर, दिवेलागनीला!

लगीन झालं, पोरगी सुखात हाय, माझं काळीज थंड झालं. पर व्याही माझी हौस इसरंना! दर सनाला तिसगावहून डबाभर बुंदीचं लाडू. अन् म्होरं बसून खाऊ घालाया मानूस! डाक्टर म्हनतो, "दोन गोळ्यांनी जमेना, आता सुई." म्हनलं, राहीबाई, आता तर सांगून टाकू का गं खरं? लगीन तर झालंय.

ती म्हनली, "धाकटीचं व्हायचंय अजून. गुमान खावा."