काढून टाकलेला प्रसंग

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालून, पापण्या मिटून बसलेल्या शिक्षिकेच्या कानांवर शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"बाबा गेले त्या सकाळी मी आरशासमोर रडून बघत होते. ते तू तुझ्या विनोदी चित्रपटात घेतलंस, आणि आता डिस्कवर परत घातलंस?"

"ती दिग्दर्शकाची मूळ आवृत्ती आहे, ताई."

"चित्रपटगृहात दाखवताना काढलं होतंस ना? आताही काढ."

"संध्याकाळी डिस्क छपाईला जातेय."

"अजून दुपार आहे, बाळ्या. घरोघरी लोक मला हसतील रे."

"प्रदर्शनाआधी काही लोकांना दाखवलं, तेव्हा कोणी हसलं नाही, म्हणूनच काढलं होतं. आता मागे गमतीदार संगीत घातलंय."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं काढलंस?"

तो उठला तसा बाक करकरला.

"तीन वर्षं मी घरी सांगत आले, भावानं माझी लाज राखली म्हणून."