मनोऱ्यावरचे आमचे हे

—नाही गं बाय, तिकिटात जेवण नाही, मनोरा आणि कोकम सरबत एवढंच — बस जरा, वर आधीचे लोक आहेत, जिना अरुंद, ते उतरले की तुला सोडते. कुठून आलीस? नालासोपाऱ्याहून? एकटीच? बरं केलंस. पाटी वाचलीस ना — पोर्तुगीज कप्तानाने बायकोला, डोना इझाबेलला, वर कोंडलं होतं, अजून तिचं रडणं ऐकू येतं. आता खरं सांगू का, इझाबेल आमच्या सुनेची, शर्लीची. म्हणजे तिनंच सुचवली. एल्रॉय, माझा मुलगा, म्हणाला, मम्मी, नुसते दगड बघायला कोण येतं, वर कोणीतरी रडायला पाहिजे. मनोरा जुनाच आहे हां, त्यात खोट नाही. पण माझ्या सासऱ्यांच्या वेळी वर कांदे साठवायचे. कांद्यानंही रडू येतंच की, म्हणजे अगदीच खोटं नाही.

काय? वरचा म्हातारा पगारी आहे का? सगळे हेच विचारतात. पगारी कसला, नवरा आहे माझा. वॉल्टर. हे लॉन केलं ना — तू पाय ठेवलायस तेच — इथे ह्यांची पानवेल होती, विड्याच्या पानांचा अख्खा मळा, बापानं लावलेला. लग्नाच्या पार्ट्यांना मोकळी जागा लागते म्हणून एल्रॉयने काढायची ठरवली. मी ह्यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, बरं म्हणाले. तुझं लग्न झालंय? नाही? मग राहू दे. जेसीबी आला त्या दिवशी ह्यांनी चटई घेतली, उशी घेतली, चहाची किटली घेतली आणि वर जाऊन बसले. ईस्टरनंतरची गोष्ट. समजावायला फादर आले, खालून हाका मारल्या, तर ह्यांनी वरून फादरनाच आशीर्वाद दिला. आंघोळीला उतरतात — आम्ही रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेलो की. जेवण मी दोरीच्या टोपलीतून पाठवते. बोंबील असले की टोपली लवकर खाली येते, दुधी असला की तशीच.

एल्रॉयला आधी लाज वाटली. मग कोणीतरी ह्यांचा फोटो टाकला मोबाइलवर, आणि लोक मनोऱ्यापेक्षा ह्यांनाच बघायला यायला लागले. लगेच एल्रॉयने टोपलीतून टोपी पाठवली, कप्तानाची, पिसं लावलेली. मला वाटलं, फेकतील. घातली की. आणि ती घालून येईल त्याला सांगतात — इझाबेल खोटी, इथे कांदे होते, आणि ते खाली हिरवं दिसतंय ना, तिथे माझी पानवेल होती, माझ्या मुलानं उपटली. लोक टाळ्या वाजवतात. माणिकपूरच्या एका बाईनं मला विचारलं, दुसरा प्रयोग किती वाजता. एल्रॉय आता माइक बसवतोय.

तुझ्याशी बोलतील, बघ. पान कसं खुडायचं, पावसात दगड कसा पाझरतो, सगळं सांगतील. माझ्याशी नाही. एक शब्द नाही. गुडघ्याला लावायचं तेल मी टोपलीत ठेवते, ते लावतात की नाही हेही मला दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. एल्रॉय म्हणतो, मम्मी, तू कशाला दिवसभर दारात बसतेस, मुलगी ठेवू तिकिटाला. ठेवेल. मग मी आत बसून काय ऐकू.

एक काम करशील? झोप लागते का, तेवढं विचार त्यांना. माझं नाव नको घेऊस. सहज म्हणून विचार, आणि एकदम नको, आधी थोडं त्यांच्या पानवेलीचं बोल, खुलतात. मी जिन्याच्या वळणावर उभी असते, वरचा पंखा लावू नका म्हणावं, त्याच्या घरघरीत ह्यांचा आवाज येत नाही खाली.

उतरले ते लोक. डोकं सांभाळ, दार बुटकं आहे. जा तू.