बावीस डबे

डॉक्टर : लेकीच्या खाण्याची वही तुमची अगदी स्वच्छ आहे, ताई. सकाळी एक अंडं, डब्यात काकडी-गाजर, रात्री वाटीभर सूप. एवढं खाऊन दोन महिन्यांत साडेतीन किलो वाढतं का कुणाचं?

आई : तेच विचारायला आज हिची शाळा बुडवून आलेय. वहीत एक अक्षर खोटं नाही. खाऊच्या कपाटाला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात.

डॉक्टर : आणि या मधल्या रेघा कसल्या?

आई : त्या रात्री जेवण नाही. मी कपडे शिवते, टेप हातातच असतो. दर रविवारी हिची कंबर मोजते. वाढलेली निघाली की तीन रात्री बंद. कालच मोजली, वाढलीच होती.

डॉक्टर : दहा वर्षांच्या मुलीचं जेवण बंद?

आई : मग काय करू? माझ्या आईचा पाय साखरेने गेला, मॅडम. गुडघ्यापासून कापला. हिची साखर काठावर आलीय, हे तुम्हीच मागच्या वेळी सांगितलंत. हिचा जिभेवर ताबा नाही, तर मग कुणीतरी ठेवायला नको?

डॉक्टर : जिभेला कशाला बोल लावता? हा रिपोर्ट बघा. अंगातली चरबी मेंदूला निरोप धाडते, की पुरे झालं, आता थांब. लेप्टिन म्हणतात त्याला. हिच्या रक्तात ते भरपूर आहे. निरोप जातोय, पण मेंदू दाद देत नाही.

आई : म्हणजे पोट भरल्याचं हिला कळतच नाही?

डॉक्टर : फार उशिरा कळतं. चिऊ, शाळेत काय खातेस?

मुलगी : डबा.

आई : मान वर करून बोल.

मुलगी : डबाच खाते.

आई : शाळेत तर उलट नाव काढलंय हिने. बाई परवा कौतुक करत होत्या, मधल्या सुट्टीत अख्ख्या वर्गाचे डबे धुऊन देते म्हणे. घरी स्वतःचं ताट उचलायला सतरा वेळा सांगावं लागतं.

डॉक्टर : किती डबे धुतेस गं?

मुलगी : बावीस.

डॉक्टर : सगळे रिकामे असतात?

(मुलगी चपलेचा पट्टा काढते, पुन्हा लावते.)

आई : चिऊ?

मुलगी : काहींत उरलेलं असतं.

आई : उष्टं? लोकांचं उष्टं खातेस तू?

मुलगी : ते टाकूनच देणार असतात. नळापाशी कुणी बघत नाही. मी पटकन खाते आणि मग खरंच धुते. स्वच्छ धुते, आई.

आई : लाज आणलीस गं मला.

डॉक्टर : थांबा, ताई. बोलू दे तिला.

मुलगी : रात्री जेवण नसलं की दुसऱ्या दिवशी जास्त खाते. त्या रात्री आईपण जेवत नाही. आत जाऊन नुसतं पाणी पिते, मला माहितीय. मला खूप वाईट वाटतं. तरी भूक लागतेच. मी हावरटच आहे.

आई : कोण म्हणालं तुला हावरट?

मुलगी : तूच.

डॉक्टर : ताई, पाणी घ्या थोडं. आता ऐका. रिकाम्या पोटातून दुसरा निरोप निघतो, खायला दे म्हणून. त्याचं नाव घ्रेलिन. जेवण चुकवलं की ते वाढतं, झोप कमी झाली तरी वाढतं. रात्री उपाशी ठेवून तुम्ही सकाळची भूक दुप्पट करत होतात.

आई : म्हणजे मीच तिला त्या नळापाशी धाडलं.

डॉक्टर : तुम्ही घाबरला होतात.

आई : अजूनही घाबरलेय. पोटभर घातलं आणि वजन वाढतच गेलं तर?

डॉक्टर : म्हणून तर दर पंधरा दिवसांनी यायचं. मोजायचं काम माझं, तुम्ही घरी मोजू नका. तीन वेळा वेळेवर जेवण, दोघींनी एकत्र. भाज्या, डाळ, अंडी भरपूर. बाटलीतली गोड पेयं बंद, फळ चावून खायचं, नऊला झोप. हळूहळूच होईल, आणि वाढत्या वयात वजन नुसतं थांबलं तरी पुष्कळ आहे.

आई : चिऊ, इकडे बघ. भूक लागलीय का तुला?

मुलगी : नाही.

आई : मी रागावणार नाही गं.

मुलगी : कालपासून लागलीय.