ज्याच्या नावाचं, त्याच्याच हाती

(ग्रिम्सबी. बंदरामागच्या गल्लीतलं एक दार, दुपारी एकच्या सुमाराला. दारात डेनिस टॉम्लिन, पायरीवर खोकं घेतलेला पार्सलवाला क्रेग. शेजारच्या दारात आयरीन.)

क्रेग : नाही हो काकू, तसं नाही चालत. हे बघा, जोएल टॉम्लिन लिहिलंय. ज्याच्या नावाचं, त्याच्याच हाती द्यायचं.

डेनिस : मी त्याची आई आहे.

क्रेग : असाल हो, मी कुठं नाही म्हणतोय? पण आत सुरी आहे. आई असो, बायको असो, नाही देता येत. नवा कायदा आलाय ना. आधी चेहरा बघायचा, मग कार्ड बघायचं, वय बघायचं, आणि मगच पार्सल सोडायचं.

डेनिस : कार्ड आहे. थांब.

क्रेग : अहो, कार्ड कशाला? त्यालाच हाक मारा ना. झोपलाय का? एका मिनिटाचं काम आहे. जोएल टॉम्लिन आहे का घरी?

डेनिस : हे घे. त्याचं लायसन्स. जन्मतारीख बघ. अठरा पूर्ण झाली त्याला.

क्रेग : कार्ड बरोबर आहे. पण कार्डाबरोबर माणूसही लागतो, काकू. आणि ही पिशवी... ही पोलिसांची पिशवी आहे ना?

डेनिस : हो. पाकीट, किल्ल्या, सगळं त्यातच घालून दिलं त्यांनी.

आयरीन : अरे बाबा, किती छळशील तिला? गेला तो! तीन आठवडे झाले. पहाटे सायकलवरून कामाला निघाला होता, धक्क्याच्या वळणावर लॉरीनं उडवला.

क्रेग : अरे देवा. काकू, मला खरंच काही कल्पना नव्हती.

डेनिस : तुला कशी असणार?

क्रेग : मी आपला हाक मारा, हाक मारा करत बसलो.

डेनिस : असू दे.

आयरीन : असू दे काय, असू दे? दे ते खोकं तिला आणि जा.

क्रेग : आजी, माझ्या हातात असतं तर—

आयरीन : आजी कुणाला म्हणतोस रे? आणि खोकं कुणाच्या हातात आहे मग, माझ्या?

क्रेग : अहो, या हातातल्या यंत्रात त्याचा चेहरा दाखवल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. आमच्यातल्या एकानं शेजाऱ्याकडे अशीच सुरी दिली, दुसऱ्या दिवशी घरी बसला. मला दोन पोरी आहेत हो.

आयरीन : म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन वर्षं हा पोरगा मासळीच्या शेडमध्ये आईच्या जुन्या सुरीनं हॅडॉक कापत होता. सकाळपासून दुपारपर्यंत! तेव्हा कुणी वय विचारलं नाही. स्वतःची विकत घ्यायची म्हटली की लगेच दूधपितं बाळ.

डेनिस : माझी सुरी झिजून पार काडी झाली होती. एकोणीस वर्षं वापरली मी. शेडमध्ये ज्याची त्याची सुरी असते, दुसऱ्याच्या सुरीला कुणी हात लावत नाही. त्याला सगळे चिडवायचे, आईची सुरी घेऊन येतो म्हणून.

क्रेग : म्हणून मागवली होय?

डेनिस : अठरा पूर्ण झाली त्याच दिवशी. अठराची वाटच बघत होता. मग त्या वेबसाइटवाल्यांनी कार्ड मागितलं, चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. तपासतोय, तपासतोय, असं बारा दिवस चाललं. बुधवारी आम्ही त्याला पुरलं. गुरुवारी त्याच्या फोनवर निरोप आला, तुमचं वय मान्य झालं, वस्तू पाठवतोय.

आयरीन : मेल्यांनी लाज सोडलीय. वर्षानुवर्षं वाटेल त्या पोराला वाटेल ते पातं विकलं, तेव्हा डोळे मिटून बसले होते. आता अंगाशी आलं तर सोवळं पाळतायत.

डेनिस : नको बोलू आयरीन. त्या कायद्यासाठी सह्या घेत होते ना बाजारात, मीही केली होती. एक बाई आपल्या मुलाचा फोटो घेऊन उभी होती. भोसकलं होतं त्याला. माझ्या हातात मटारची पिशवी होती. पिशवी खाली ठेवली आणि सही केली. आजही करीन.

आयरीन : तू म्हणजे ना.

क्रेग : काकू, एक सांगू? हे मागं जाईल, त्याच्या खात्यात पैसे येतील. तुम्ही तसलीच दुसरी मागवा की, तुमच्या नावानं.

डेनिस : बंद केलं त्यांनी. महिनाअखेरीपासून सुऱ्याच विकत नाहीत. कटकट नको म्हणून सगळ्याच काढून टाकल्या.

आयरीन : मी आणते दुकानातून. मासळीबाजारात मिळतात की.

डेनिस : कुठली आणशील? त्यानं कुठली घेतली तेच मला माहीत नाही. त्याच्या खात्यात बघितलं. चित्र होतं तिथं नुसता करडा चौकोन. ही वस्तू आता उपलब्ध नाही.

आयरीन : सांगितलं असेल की तुला.

डेनिस : भांडण झालं होतं आमचं. त्याला लांब पात्याची हवी होती, मुकादमाची आहे तशी. मी म्हटलं आखूड घे, मनगट टिकतं. तर म्हणतो, तुझा जमाना गेला. दोन दिवस धड बोलला नाही. मग त्यानं कुठली मागवली, मी विचारलंच नाही. म्हटलं आली की दिसेल.

क्रेग : आणि हे मला उघडताही येत नाही, काकू.

डेनिस : नुसतं हातात धरू? सोडू नकोस तू. एका बाजूनं धर.

क्रेग : धरा.

आयरीन : धर बाई.

डेनिस : वीतभर आहे गं खोकं. वीत आणि चार बोटं.

आयरीन : मग?

डेनिस : लांब पातं यात मावतच नाही. आखूड घेतली त्यानं.

आयरीन : ऐकलं गं तुझं.

डेनिस : ऐकलं.

आयरीन : रड तरी डेनिस. एकदा रडून घे.

डेनिस : येत नाही. घे रे, घे तुझं खोकं.

क्रेग : काकू, हे यंत्र कारण विचारतंय, त्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तीनच आहेत. ‘वय पटलं नाही’, ‘घ्यायला नकार’ आणि ‘घरी नाही’. दुसरं काही लिहायला जागाच नाही. नकार दाबतो. म्हणजे आजच मागं जाईल, तुम्हाला परत त्रास नाही.

डेनिस : त्यानं कुठं नकार दिलाय? ‘घरी नाही’ दाब.

क्रेग : तसं दाबलं तर उद्या परत आणावं लागेल मला. परवा पण. तीनदा आणायचं, मग मागं. आणि देता तर उद्याही नाही येणार, काकू.

डेनिस : माहितीये.

आयरीन : मग कशाला गं जिवाला घोर?

डेनिस : तीन आठवडे सगळे ‘तुमचा मुलगा’, ‘तुमचा मुलगा’ करतायत. पोलीस, डॉक्टर, फादरसुद्धा. यानं दारात येऊन विचारलं, जोएल टॉम्लिन आहे का घरी.

क्रेग : ‘घरी नाही’ दाबलं.

डेनिस : उद्या याच वेळेला?

क्रेग : साडेबारा ते एकच्या मधे. आजच्यासारखंच विचारू?

डेनिस : हो. पूर्ण नाव घे.